धाकट्याचा आवाज

कारखान्यात सगळे त्यांना थोरले म्हणत. दोघे भाऊ एकाच खात्यात फिटर होते, तेव्हा हाक मारणाऱ्याची पंचाईत होऊ नये म्हणून एकाला थोरले आणि दुसऱ्याला धाकटे म्हणायची पद्धत पडली. पुढे धाकटे गेले, तरी थोरले हे थोरलेच राहिले. नव्याने लागलेला एखादा वायरमन कधीतरी विचारायचा, "थोरले म्हणता, मग धाकटे कुठे असतात?" त्यावर आजूबाजूची माणसं एकाएकी कामाला भिडायची. कोणी पाना शोधू लागे, कोणी उगाच नट पुसू लागे. थोरले मात्र सरळ सांगत, "धाकटा नाही आता," आणि पुढचं काम हातात घेत.

काम त्यांचं मोठं देखणं होतं. कारखान्यात नवं अवजड यंत्र आलं की बसवणारे ते बसवून मोकळे होत. पण त्यात पहिल्यांदा जीव आणायचा तो थोरल्यांनी. आधी हातानं एक सबंध फेरा फिरवून पाहायचा, कुठे घासतंय का, कुठे अडतंय का. मग नुसता तेलाचा पंप चालू ठेवायचा. बेअरिंगच्या कानाकोपऱ्यात तेल पोचल्याशिवाय मोटरकडे बघायचंसुद्धा नाही. मग यंत्र रिकामं चालवायचं, थांबवायचं, गार होऊ द्यायचं आणि सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे, कारण पहिल्या गरमीत नवा बोल्ट अंग सैल सोडतो. मग थोडा माल. मग आणखी थोडा. साहेब मंडळी घाईला आली की थोरले म्हणत, "साहेब, शाळेच्या पहिल्याच दिवशी वार्षिक परीक्षा घेतलीत, तर पोर उद्या शाळेत येईल का?" साहेब हसत, आणि घाई निदान एक दिवस पुढे जाई.

घरी तिघंच. थोरल्यांची बायको केव्हाच वारली होती. ते, धाकट्यांची बायको आणि तिची मुलगी. बाप गेला तेव्हा ही मुलगी अजून आईच्या पोटात होती. आता चष्म्याच्या दुकानात कामाला जात होती आणि घरात सगळ्यांच्या वरताण बोलत होती. तिच्या खोलीत कपाटावर बापाचा एक फोटो होता. चांगला ठसठशीत, पण तोंड मिटलेलं.

नवी गिरणी आली त्या आठवड्यातली गोष्ट. थोरले सकाळी चहा घेत होते. पुतणी वेणी घालत समोर येऊन बसली.

"काका, तो परत आलाय म्हणे."

"कोण?"

"कोण काय? ग्रीसवाला. आईनं बाजारात पाहिला."

स्वयंपाकघरात भावजयीच्या हातातली भांडी एकदम गप्प झाली.

"असेल," थोरले म्हणाले. "गिरणीबरोबर कंपनीनं माणसं पाठवलीत. त्यात तोही आहे."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! आणि तोंडातून ब्र नाही काढलात!"

"काय सांगायचं त्यात?"

पुतणीनं वेणी अर्धवट सोडली. "काका, एक मागू? तो बाबांच्या आवाजात बोलायचा ना? अगदी हुबेहूब? आई सांगते, दाराबाहेरून 'उघड गं' म्हणून त्यानं तिलासुद्धा फसवलं होतं. त्याला म्हणा, एकदाच बोल माझ्यासमोर. मी ऐकलाच नाहीये हो बाबांचा आवाज."

थोरल्यांनी कप खाली ठेवला. "ते जमायचं नाही."

"का?"

"त्याच आवाजापायी तुझा बाप गेला."

"मला माहीत आहे. लहानपणापासून माहीत आहे." ती शांतपणे म्हणाली, आणि ती शांतपणे बोलली की थोरल्यांना धडकी भरायची. "पण माझ्या बापाचा आवाज आता जगात एकाच माणसाच्या गळ्यात उरलाय, काका. आणि तुम्ही त्या माणसाशी बोलत नाही."

थोरले उठले, चपला घातल्या आणि चहा तसाच टाकून निघून गेले.

आता ती जुनी हकीकत सांगायलाच हवी.

तेव्हाही गिरणीच सुरू व्हायची होती, दगड दळून त्याचं पीठ करणारी. एखादी बस आत शिरेल एवढं लोखंडी पिंप आडवं ठेवलेलं. कामगार त्याला ढोल म्हणत. ढोलात लोखंडाचे गोळे आणि दगड एकत्र फिरायचे. ढोलाच्या कमरेभोवती दोन-तीन पुरुष उंचीचं दातेरी चाक, आणि त्या चाकाचा खालचा भाग एका खड्ड्यात उतरलेला. असल्या यंत्राला पहिल्यांदा कळ द्यायची म्हणजे आधी त्याच्या अंगाखांद्यावरची सगळी माणसं बाहेर आली पाहिजेत. त्यासाठी थोरल्यांनी एक पद्धत घालून दिली होती. बटणापाशी उभं राहून ते एकेकाला हाक मारत. हाकही कशी, तर थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशी. "वेल्डर!" "हो, थोरले!" "वायरमन!" "हो, थोरले!" सगळ्यांचा 'हो' आला की मगच बटण.

ग्रीसवाला म्हणजे त्या खात्याचा विदूषक. हातात ग्रीसचा डबा आणि गळ्यात सगळा गाव. साहेबांचं नाकातलं बोलणं, चहावाल्याची ओढून काढलेली हाळी, थोरल्यांचा दरडावणीचा सूर, सगळं त्याच्याजवळ तयार. एकदा तर थोरल्यांच्याच आवाजात त्यानं साऱ्या खात्याला जेवणाची सुट्टी देऊन टाकली होती, आणि लोक खरंच डबे उघडून बसले होते. पण त्याची खरी कमाल धाकट्यांच्या आवाजात. दोघे जिवलग. दोघांत एक डबा, दोघांत एक छत्री. आणि दोघांत एक गुपित: धाकटे सिगारेट ओढत. थोरल्यांना शपथ घेऊन सोडल्याचं सांगितलेलं, आणि रोज मागच्या भिंतीआड जाऊन ओढत.

त्या दिवशी तेलाचा पंप घुमत होता. थोरल्यांनी हाक दिली, "धाकटे!"

उत्तर आलं नाही. थोरल्यांच्या कपाळाला आठी पडली. ग्रीसवाल्यानं ती पाहिली. त्याच्या मनात आलं, गडी भिंतीआड धूर काढतोय, आता चारचौघांत त्याची चंपी होणार. मित्राला वाचवायचं म्हणून त्यानं खांबामागून धाकट्यांच्या आवाजात उत्तर दिलं, "हो, थोरले!"

थोरल्यांनी बटण दाबलं.

धाकटे भिंतीआड नव्हते. दातेरी चाकापाशी आपला पाना विसरलाय हे त्यांच्या ऐन वेळी ध्यानात आलं होतं, आणि पाना विसरला म्हणून थोरले फाडून खातील या धास्तीनं ते गुपचूप तो आणायला खड्ड्यात उतरले होते. पंपाच्या घुमण्यात त्यांना हाक ऐकू आली असेल का? आपल्याच आवाजात कोणीतरी आपल्या वतीनं 'हो' म्हणतंय, हे ऐकू आलं असेल का? या प्रश्नापाशी थोरले इतक्या वेळा जाऊन आले होते, की तिथली वाट मळून गेली होती.

ग्रीसवाल्यानं काही लपवलं नाही. सगळ्यांसमोर जमिनीवर डोकं आपटत ओरडला, "तो आवाज माझा होता! तो माझा होता!" चौकशी झाली, जबाब झाले, आणि तो नोकरी सोडून दूर कुठेतरी निघून गेला. त्या दिवसापासून थोरले त्याचं नावसुद्धा काढत नसत.

पण तोंडी हाकेची पद्धत त्यांनी स्वतः मोडली. आता मोठ्या स्विचच्या दांड्याला एक कडी होती. यंत्रावर चढणाऱ्या प्रत्येकानं तिथे आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची. काम संपलं की ज्यानं त्यानं स्वतः येऊन आपलं कुलूप काढायचं. एक जरी कुलूप लटकत असलं, तरी दांडा हलणार नाही. थोरले म्हणत, "आवाजावर माझा भरवसा नाही. मला माणूस दिसला पाहिजे." बटण मात्र त्यानंतरही तेच दाबत. दुसऱ्याला दाब म्हणणं म्हणजे आपल्या मनावरचा धोंडा त्याच्या मनावर ठेवणं, असं त्यांना वाटे.

तर आता जुनी गिरणी झिजून मोडीत गेली होती आणि त्याच जागी, त्याच खड्ड्यावर, नवी उभी राहिली होती. ग्रीसवाला आला होता तो केस पांढरे करून. बोलणं जवळजवळ बंद, मुका झाला नव्हता एवढंच. थोरल्यांना काही सांगायचं असलं की तो कंपनीच्या इंजिनिअर बाईंना सांगे, आणि बाई थोरल्यांना सांगत. बाई त्यांना मिस्त्री म्हणत.

"मिस्त्री, ते म्हणतायत दातांना निळा रंग लावून बघू."

"लावू दे."

दातांना पातळ निळा रंग फासून चाक हातानं हळूहळू फिरवलं. जिथे दाताला दात भिडतो तिथला रंग पुसला जातो. सबंध रुंदीवर सारखा पुसला गेला की समजायचं, जोड नीट बसलाय. एका कडेला रंग तसाच राहिला होता. पुन्हा सैल केलं, पुन्हा जागेवर आणलं, पुन्हा रंग लावला. बाई दोघांच्या मधे निरोप पोचवत उभ्या होत्या. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "अहो, तुम्ही दोघं हाताच्या अंतरावर उभे आहात! मला काय टेलिफोन समजता का?"

बाकीचे हसले. ते दोघे हसले नाहीत.

मग सुरू करायचा दिवस उजाडला. तेलाचा पंप सकाळपासून चालू होता. थोरल्यांनी ढोलाभोवती फेरी मारली, जाळ्या बसल्यात ना ते हलवून पाहिलं, आणि स्विचपाशी येऊन उभे राहिले. एकेक जण येऊन कुलूप काढू लागला. वायरमनला किल्ली सापडेना, खिसे उलटेपालटे करू लागला.

"लवकर रे," वेल्डर म्हणाला, "बायकोच्या कपाटाचं लावलंस का काय?"

"तिच्या कपाटाची किल्ली मला मिळाली असती, तर मी इथे कशाला आलो असतो?"

हशा झाला. वायरमनचं निघालं, वेल्डरचं निघालं. थोरल्यांनी आपलं काढलं. कडीत एकच राहिलं.

ग्रीसवाला खड्ड्याकडून आला. किल्ली कुलपात घातली, आणि घातली तशी परत काढली. "एकदा बघून येतो," असं कोणाकडेही न बघता म्हणाला आणि गेला. परत आला. किल्ली घातली. "एकदाच," म्हणाला आणि पुन्हा गेला. तिसऱ्यांदा तो खड्ड्याकडे वळला तेव्हा लोकांच्या थट्टा बंद झाल्या. जुन्यांनी नव्यांना कोपरानं ढोसून गप्प केलं. या वेळी तो परतलाच नाही.

"थोरले, कटर आणू का?" वेल्डर हळूच म्हणाला. "म्हातारा काही कुलूप काढत नाही."

"ज्याचं कुलूप त्याचाच हात," थोरले म्हणाले.

बाई जवळ आल्या. "मिस्त्री, आज राहू दे का? उद्या करू. माझी काही घाई नाही."

थोरल्यांनी त्या एकट्या कुलपाकडे पाहिलं. मग त्यांनी आपलं कुलूप परत कडीत अडकवलं, किल्ली खिशात टाकली आणि खड्ड्याकडे चालू लागले.

लोखंडी शिडीवरून खाली उतरताना गुडघे कुरकुरले. त्या दिवसानंतर ते इथे कामासाठी शेकडो वेळा उतरले होते, पण असे कधी नाही. ग्रीसवाला चाकाखाली उकिडवा बसून बॅटरीचा उजेड कोपऱ्याकोपऱ्यात फिरवत होता.

"कोणी नाही ना, थोरले?" किती वर्षांनी त्यानं थेट हाक मारली होती. "तुम्ही बघा ना. माझे डोळे मला खोटं सांगतात."

थोरले त्याच्या शेजारी बसले. बॅटरी घेतली. चाकाच्या पोटाखाली, खांबामागे, जाळीच्या आत, सगळीकडे उजेड टाकला. "कोणी नाही."

"नक्की?"

"नक्की. आपण दोघंच."

वर पंप घुमत होता. दातांवर ताजं ग्रीस चकाकत होतं.

"एक विचारू?" थोरले म्हणाले. "मी एवढा रागावलो असतो का रे? सिगारेट ओढली म्हणून? पाना विसरला म्हणून?"

ग्रीसवाल्यानं मान खाली घातली.

"खरं सांग. खूष करायला बोलू नकोस."

"रागावला असतात, थोरले. चारचौघांत खरडपट्टी काढली असतीत. तो रात्रभर जेवला नसता."

"हं." थोरल्यांनी बॅटरी विझवली. "असंच झालं असतं."

मग ते पुन्हा बोलले, आणि आवाज खड्ड्याच्या भिंतीला लागून बारीक होऊन परत आला. "त्याची मुलगी मोठी झालीय. तिनं बापाचा आवाज ऐकला नाही. मला म्हणाली, त्याला बोलायला सांगा. मी नाही म्हटलं." ते थांबले. "पण खरं सांगायचं तर मलाच ऐकायचाय. इतकी वर्षं तुझं तोंड बघायचं नव्हतं, आणि आवाज मात्र ऐकायचा होता. बोल. काहीही बोल. नुसती हाक मार."

ग्रीसवाल्यानं तोंड उघडलं. ओठ हलले. घसा खाकरला. आणि मग तो म्हणाला, "पाना द्या इकडे, थोरले."

तो कोणाचाच आवाज नव्हता. एका म्हाताऱ्या माणसाचा घोगरा आवाज, जरासा वर ओढलेला.

"नाही येत," ग्रीसवाला म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. "पहिली काही वर्षं नको असताना यायचा. झोपेत यायचा. बायको उठवायची. मी देवाला म्हणायचो, काढून घे हा माझ्यातून. मग एक दिवस बघतो, तर नाही. हरवला. दार लावून किती वेळा करून पाहिलं, थोरले. साहेबांचा येतो. चहावाल्याचा येतो. तुमचा येतो. त्याचाच तेवढा येत नाही."

थोरल्यांनी बॅटरी खाली ठेवली. ज्या पेटीचं कुलूप आपण इतकी वर्षं रागानं उघडू दिलं नाही, ती आतून रिकामीच होती.

"मलाही आठवत नाही," ते म्हणाले. "चेहरा आठवतो. चाल आठवते. आवाज आठवायला गेलं की एकच शब्द कानात येतो. तो 'हो'."

"तो माझा होता, थोरले."

"ठाऊक आहे मला. पण दुसरा नाहीच माझ्याजवळ. तोच धरून बसलोय."

वरून बाईंची काळजीची हाक आली, "मिस्त्री, सगळं ठीक आहे ना?"

"आलो!" थोरल्यांनी ओरडून सांगितलं. आधी ग्रीसवाल्याला शिडीवर चढवलं, मग आपण चढले. स्विचपाशी दोघांनी आपापलं कुलूप काढलं. ग्रीसवाल्याची किल्ली भोकाच्या कडेला दोनदा अडखळली. कोणी मदत केली नाही, कोणी घाई केली नाही. कुलूप निघालं. थोरल्यांनी दांडा वर केला आणि बटण दाबलं.

ढोल प्रथम अंग चोरल्यासारखा थरथरला, मग जडपणे एक कूस बदलली, आणि फिरू लागला. रिकाम्या पोटाचा घरघर आवाज खात्याच्या पत्र्यांवर घुमला. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणालाच कळेना. शेवटी बाईंनी वाजवल्या, मग सगळ्यांनी. थोरले टाळ्या संपायच्या आतच बेअरिंगवर तळवा ठेवून उभे होते. तळवा टेकवून धरता येतोय तोवर ठीक, उचलावासा वाटला की थांबवायचं. पलीकडच्या बेअरिंगवर ग्रीसवाल्याचा तळवा होता. मधे ढोल फिरत होता.

"तुमच्याकडे कसं आहे?" ग्रीसवाल्यानं ओरडून विचारलं.

"कोमट. तुझ्याकडे?"

"कोमटच!"

बाई हळूच तिथून बाजूला झाल्या.

संध्याकाळी गिरणी थांबवून, बोल्ट आवळून झाल्यावर थोरल्यांनी हात धुतले. ग्रीसवाला फाटकाकडे निघाला होता. त्याला गाठून ते म्हणाले, "घरी चल."

"मी? कोणत्या तोंडानं, थोरले?"

"आवाज राहिला नाही हे तिला कोणीतरी सांगायला हवं. मला नाही सांगवणार. तू सांग."

दार भावजयीनं उघडलं. तिनं दिराच्या मागे उभ्या माणसाकडे पाहिलं, ओळखलं, आणि वळून स्वयंपाकघरात गेली. आत नळ सोडल्याचा आवाज आला, धो धो, भांड्यांवर. ग्रीसवाला उंबऱ्याच्या आत आलाच नाही. बाहेरच्या पायरीवर बसला. पुतणी बाहेर गेली आणि त्याच्या शेजारी, जरा अंतर ठेवून, बसली.

"बोलता का?" तिनं विचारलं. तिचे दोन्ही हात मांडीत घट्ट धरलेले होते.

"पोरी, तो आवाज माझ्याजवळ राहिला नाही." ग्रीसवाल्यानं एका दमात सांगून टाकलं. "मी लपवत नाही. असता तर तुझ्या पायाशी ठेवला असता. पण नाही राहिला."

तिनं समोरच्या रस्त्याकडे तोंड फिरवलं. आतल्या खोलीत थोरले भिंतीला टेकून उभे होते. आता ती उठून आत येईल, खोलीचं दार लावून घेईल, असं त्यांना वाटलं.

"कुठेच नाही म्हणजे," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता. डोळे पुसले, नाक ओढलं. "मग बाबा बोलायचे काय, तेवढं तरी सांगा."

"काय काय सांगू? बडबड्या होता. स्वतःचा विनोद पुरा व्हायच्या आधीच स्वतः हसायचा, त्यामुळे शेवट कधी कोणाला कळलाच नाही. गाण्याचे शब्द सगळे चुकीचे. प्रत्येक पान्याला 'महाराज' म्हणायचा. 'या महाराज, इथे बसा.' आणि तुझी आई डबा द्यायची ना, तो उघडताना..."

थोरले स्वयंपाकघराच्या दाराशी आले. भावजय त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. भांडी सगळी धुऊन झालेली होती, तरी नळ वाहत होता आणि तिचे हात पाण्याखाली होते.

"आधी वास घ्यायचा," बाहेर ग्रीसवाला सांगत होता, "आणि मग मला म्हणायचा..."

भावजयीनं नळ बंद केला.